ज्यांचं नावही विचारलं नाही, अशी माणसं आणि देव

सांजवेळ (धागाकर्ती)

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

वडिलांना जाऊन या महिन्यात चार वर्षं झाली. ते गेल्यानंतर नवव्या दिवशी मी मृत्यूच्या दाखल्यासाठी एका कचेरीत गेले होते, एकटीच. तोवर मी रडले नव्हते. कामं होती, माणसं येत-जात होती, फोन थांबत नव्हता. रांगेत अर्ज हातात आला, पहिल्या रकान्यात पेन टेकवलं, 'मृत व्यक्तीचे संपूर्ण नाव', आणि हात थरथरायला लागला. पहिलं अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की मलाच वाचता येईना. मी तेच एक अक्षर गिरवत उभी राहिले.

मागे पन्नाशी-पंचावन्नचे एक गृहस्थ होते. म्हणाले, "ताई, द्या, मी लिहितो."

त्यांनी अर्ज खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि एकेक रकाना हळू आवाजात वाचून मला विचारत गेले. नाव, वय, तारीख, वेळ. शब्द पुरा झाला की त्यावर सरळ शिरोरेघ द्यायचे, मग पुढचा शब्द. 'अर्जदाराचे मृत व्यक्तीशी नाते' या रकान्यापाशी आले, तेव्हा त्यांनी पेन उचललं आणि थांबले. या वेळी रकाना मोठ्याने वाचला नाही की काही विचारलं नाही. मागून कुणीतरी कुरकुरलं, "आटपा लवकर." त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी बोलेपर्यंत ते पेन तसंच कागदापासून बोटभर वर धरून राहिले. मी म्हटलं, "वडील होते." आणि तिथेच, त्या खिडकीसमोर, नऊ दिवसांत पहिल्यांदा रडले.

"रडू नका" असं ते म्हणाले नाहीत. माझा भर ओसरल्यावर त्यांनी तो रकाना भरला, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मी अर्ज परत घेताना मला दिसलं की त्यांच्या डाव्या हातात तसाच एक अर्ज होता. कोरा.

देवाला मी लहानपणापासून मानत आले. पण त्या नऊ दिवसांत एकदाही हात जोडले गेले नव्हते. राग नव्हता, आतून काही उठतच नव्हतं. ते पेन कागदाच्या वर थांबलं तेव्हा मात्र कुणीतरी माझ्याकडे बघतंय, असं अगदी स्पष्ट वाटलं. त्या गृहस्थांचं बघणं तर होतंच. पण तेवढंच नव्हतं. याहून नीट मला सांगता येत नाही.

अर्जाची पोच म्हणून शिक्का मारलेली झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यावर त्यांचं अक्षर आहे.

तुम्हाला असं कधी झालंय का? ज्याचं आपल्याशी काही घेणं-देणं नाही, अशा माणसात देव भेटल्यासारखं? की ही फक्त दुःखातल्या मनाची समजूत?

—

वाटसरू

वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. कोऱ्या अर्जापाशी डोळे भरून आले. सध्या एवढंच.

—

ओवी

सांजवेळ, इतकं जपून लिहिलंत याबद्दल आधी धन्यवाद.

मला ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायातली ओवी आठवली. "जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत." यातल्या 'भेटे' या शब्दावर मी नेहमी अडते. शोधायला जा असं माउली म्हणत नाहीत. जो भेटेल तो. रांगेत मागे उभा असेल तो. आणि 'मानिजे' असं म्हटलंय. देव आपोआप दिसेल असं नाही, ते आपण मानायचं आहे, म्हणजे त्याला आपल्याकडून काही श्रम लागतात. तुम्हाला त्या दिवशी ते श्रम न करता दिसलं. असं क्वचित होतं, म्हणून त्याला मनाची समजूत म्हणून मोडीत काढू नका.

आणखी एक. परोपकाराच्या आपल्या कथा जवळजवळ सगळ्या देणाऱ्याच्या बाजूने सांगितलेल्या असतात. एकनाथ महाराजांची (1533-1599) कावडीतल्या गंगेची कथा घ्या. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात त्यांनी रामेश्वराला न्यायचं पाणी घातलं. आपण नाथांची करुणा सांगतो, आणि ती सांगावी अशीच आहे. पण त्या तापलेल्या वाळवंटात मरायला टेकलेल्या जिवाला पाण्याचा पहिला घोट कसा लागला असेल, हे कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. तुमचा धागा त्या बाजूने आहे.

—

कार्यकारण

मी देव मानत नाही. तरीही इथे लिहितोय, कारण त्या गृहस्थांबद्दल मला मनापासून आदर वाटला आणि त्याच आदरापोटी एक गोष्ट खटकली.

तो माणूस स्वतः दुःखात होता. त्याने स्वतःचं काम बाजूला ठेवलं. मागून कुरकुर होत असताना तो थांबला. हे सगळं त्याने ठरवलं, त्याने केलं. ते श्रेय आपण देवाकडे वळवलं, तर त्या माणसाच्या वाट्याला काय उरतं? नुसतं निमित्त होणं?

या विषयावरचा एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तो 1973 मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतले 40 विद्यार्थी, म्हणजे पुढे धर्मगुरू होऊ पाहणारी मुलं. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण द्यायला सांगितलं. काहींचा विषय होता येशूने सांगितलेली दयाळू शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याचीच गोष्ट. वाटेत दारापाशी एक माणूस कण्हत, खोकत पडलेला. तो अर्थातच प्रयोगाचा भाग होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले 63 टक्के मदतीला थांबले. थोडी घाई असलेल्यांतले 45 टक्के. आणि "उशीर झालाय, पळा" असं सांगितलेल्यांतले फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही जण तर अक्षरशः त्याला ओलांडून गेले, ती गोष्ट सांगायलाच.

म्हणून मला वाटतं, प्रश्न श्रद्धेचा कमी आणि वेळेचा जास्त आहे.

—

सांजवेळ

कार्यकारण, तुमचा मुद्दा मला लागला, चांगल्या अर्थाने. त्यांचं श्रेय मी काढून घेतलं असेल तर ती माझीच चूक. पण एक सांगू? तो प्रयोग वाचून मला उलट वाटलं. त्या गृहस्थांना घाई नव्हती असं थोडंच आहे? कचेरी बंद व्हायला आली होती, त्यांचा अर्ज कोरा होता, मागचे ओरडत होते. घाईतल्या त्या न थांबलेल्या 90 टक्क्यांत बसण्याची सगळी कारणं त्यांच्याकडे होती. तरीही पेन थांबलं. मी देव म्हणते तो त्या 'तरीही'ला. तुम्ही वेगळं नाव द्या, माझी हरकत नाही.

—

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, सतरा वर्षं. दुसऱ्या बाजूने लिहिते.

नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, तुम्ही देवासारख्या आलात." ते मनापासून म्हणतात हे कळतं. पण पहाटे साडेतीनला एखाद्या आजोबांची कूस बदलताना, चादर न ओढता त्यांच्या पाठीखालून सरकवताना माझ्या मनात देव नसतो. पोटऱ्या दुखत असतात. पुढचं सलाईन किती वाजता संपणार याचा हिशोब चालू असतो. चादरीला चुणी राहू नये एवढंच बघते, कारण चुणी राहिली की कातडी सोलवटते आणि मग जखम होते. त्यात भक्ती आहे का, मला माहीत नाही. लक्ष आहे, एवढं नक्की.

आणि कुणी देव म्हटलं की मी थोडी घाबरते. देव थकत नाही. देव चिडत नाही. ज्या रात्री मी एखाद्यावर खेकसते त्या रात्री मी कोण असते? माणूस म्हणून केलेलं माणूस म्हणूनच राहू द्यावं, असं मलाही वाटतं, कार्यकारण यांच्यासारखंच. पण देव मानणं मी सोडलेलं नाही. ड्युटी संपवून घरी जाताना, पायऱ्या उतरताना, कधी कधी कळतं की आज मी एकटी नव्हते. तेही नंतर. काम चालू असताना कधीच नाही.

—

पायवाट

रात्रपाळी, तुमचं 'नंतर कळतं' वाचून राहवलं नाही.

मी ख्रिस्ती घरातली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचा प्रसंग आहे. राजा म्हणतो, मी तहानलेला होतो, तुम्ही मला पाणी दिलंत; मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतलंत; आजारी होतो, तुम्ही माझा समाचार घेतलात. त्यावर ती माणसं चकित होऊन विचारतात की प्रभू, आम्ही तुला असं कधी पाहिलं? लहानपणापासून ऐकत आले, पण त्यांचं ते चकित होणं मला फार उशिरा उमगलं. त्यांना माहीतच नव्हतं! पुण्य करतोय म्हणून त्यांनी केलं नव्हतं, समोर माणूस होता म्हणून केलं होतं. तुमची बिनचुणीची चादर मला त्यातलीच वाटते.

—

नूर

पायवाट यांनी सांगितलं त्याच्या अगदी जवळची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह विचारेल, हे आदमच्या मुला, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. माणूस म्हणेल, तू तर साऱ्या विश्वाचा पालनकर्ता, तुला मी कसा भेटायला येणार? उत्तर मिळेल, माझा अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तुला त्याच्यापाशी सापडलो असतो.

माझे अब्बा हे सांगताना 'त्याच्यापाशी' या शब्दावर थांबायचे. भेटायला येणाऱ्याबरोबर देव येत नाही, तो आजाऱ्याच्या उशाशी आधीच बसलेला असतो. सांजवेळताई, आपण सगळे इथे त्या गृहस्थांमध्ये देव बघतोय. या हदीसप्रमाणे पाहिलं तर देव रांगेत तुमच्या बाजूला उभा होता, तुमच्या थरथरणाऱ्या हातापाशी. भेटायला ते आले.

—

ओवी

नूर, हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. तुकोबांनी रंजल्या-गांजल्यांना आपलं म्हणणाऱ्यापाशी देव जाणायला सांगितलं, "देव तेथेचि जाणावा". तिथे तो जवळ घेणाऱ्याकडे आहे. तुमच्या हदीसमध्ये गांजलेल्याकडे. मी आज दिवसभर या दोन्हींचाच विचार करतेय. जवळ घेणं घडतं तेव्हा दोघांत अंतर उरतच नाही, मग अलीकडे की पलीकडे हा प्रश्नही उरत नसेल कदाचित.

शीख परंपरेतल्या भाई कन्हैया यांची आठवण झाली. आनंदपूरच्या लढायांत, 1704-05च्या सुमारास, ते रणांगणावर जखमींना पाणी पाजत फिरायचे. आपल्यांना आणि शत्रूच्या सैनिकांनाही. तक्रार गेली, गुरू गोविंदसिंगांनी बोलावून विचारलं. ते म्हणाले, मला तिथे शत्रू-मित्र कुणी दिसत नाही, सगळीकडे तुमचंच मुख दिसतं. गुरूंनी त्यांना मलमही दिलं, की आता पाण्याबरोबर जखमांना हेही लावत जा.

मला स्वतःला मात्र "आटपा लवकर" म्हणणाऱ्याचं काय करायचं हे कळत नाही. 'जें जें भेटे' त्यात तोही आलाच.

—

एकांडा

धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको, असं होत होतं.

सात वर्षांपूर्वी माझी गाडी घसरली. रात्रीचे साडेदहा. डावा पाय गाडीखाली अडकलेला. रस्ता रहदारीचा होता. मी मोजलं नाही, पण अनेक गाड्या गेल्या. एक चारचाकी हळू झाली. आतल्या माणसाचा चेहरा मला दिसला, त्यालाही माझा दिसला असणार. काच अर्धी खाली आली. मग वर गेली आणि गाडी निघून गेली.

पाय मीच सोडवला. फोन फुटला होता. सरपटत दिव्याच्या खांबापर्यंत गेलो, तिथून एका पायावर कितीतरी वेळ चाललो. मदत मिळाली ती मी एका दारापर्यंत पोचून ते वाजवल्यावर. रस्त्यावर कुणीही थांबलं नाही.

आता मी थांबतो. कुणी पडलेलं दिसलं की गाडी बाजूला घेतोच. आतापर्यंत चार वेळा दवाखान्यापर्यंत सोबत गेलोय. त्यातल्या एका आजींनी माझ्या गालावर हात फिरवून तुम्ही सगळे म्हणताय तेच म्हटलं, देवच धावून आला. मी काही बोललो नाही. कारण मी थांबतो तेव्हा माझ्यात देव नसतो, राग असतो. त्या वर गेलेल्या काचेवरचा राग.

सांजवेळ यांच्या रांगेत देव उभा होता, तर माझ्या रस्त्यावर तो कुठे होता? वाद घालायचा नाही. खरंच विचारतोय.

—

रात्रपाळी

एकांडा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आणि जे पटकन देतील त्यांचं ऐकू नका. अपघात विभागात मी "देवाच्या मनात होतं" हे वाक्य चुकीच्या वेळी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर आलं तरी मी खोलीबाहेर जाते.

फक्त एवढंच, की ज्या चार जणांना तुम्ही घेऊन गेलात त्यांच्या फायलीत 'आणणाऱ्याचे नाव' या जागी तुमचं नाव आहे. राग, की आणखी काही, असा रकाना तिथे नसतो.

—

कार्यकारण

एकांडा, जवळ असतो तर तुम्हाला येऊन भेटलो असतो.

माझ्या बाजूने थोडी माहिती, समर्थन नव्हे. 1968 मध्ये डार्ली आणि बिब लाताने यांनी दाखवलं होतं की बघणारे जितके जास्त, तितकी एकेकट्याने पुढे होण्याची शक्यता कमी. जबाबदारी सगळ्यांत वाटली जाते आणि कुणाच्याच हाती पुरेशी उरत नाही. रहदारीचा रस्ता सुनसान रस्त्याहून दगा देतो तो यामुळेच. पण काच खाली करून वर करणारा माणूस एकटाच होता. त्याला हे लागू होत नाही, हे मला लिहितानाच कळतंय.

—

वाटसरू

काच अर्धी तरी खाली का आली असेल, याचाच विचार करतोय.

—

एकांडा

वाटसरू, मी सात वर्षं तोच विचार करतोय.

रात्रपाळी, धन्यवाद. रकान्यांवरून एक विचारायचं राहिलं होतं. सांजवेळ, त्या गृहस्थांचा स्वतःचा अर्ज कुणी भरला?

—

सांजवेळ

एकांडा, तुमचा प्रश्न काल दुपारी वाचला. उत्तर द्यायला इतका वेळ लागला, कारण मला ते माहीत आहे आणि मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं.

माझा अर्ज देऊन, पोच घेऊन मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पायांत त्राण नव्हतं. तिथून खिडकी दिसत होती. ते कट्ट्यावर वाकून त्यांचा अर्ज भरत होते. अर्ध्यापर्यंत आले आणि थांबले. पेन कागदापासून वर, अगदी तसंच. मी इतकी जवळ होते की चार पावलांत पोचले असते. कोणत्या रकान्यापाशी ते थांबले होते, हे मला तिथूनही कळलं. त्यांच्यासाठी कुणी थांबलं नाही. रांगेतल्या एकाने त्यांच्या खांद्यावरून हात पुढे करून आपला कागद आत सरकवला.

मी उठले नाही.

काल ती झेरॉक्स काढली. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलंय, पण त्याच्या आधी एक अक्षर खोडलेलं आहे. 'व'. मी चार वर्षं असंच धरून चालले होते की मी "वडील होते" म्हटलं म्हणून त्यांनी 'व' काढला आणि लगेच लक्षात आलं की इथे अर्जदाराचं नातं हवंय, म्हणून खोडला. तसंच असेल. पण ते त्या रकान्यापाशी मी बोलायच्या आधीच थांबले होते. आणि त्यांच्या स्वतःच्या अर्जावर त्या जागी कोणता शब्द लिहायचा होता, हे मी त्यांना विचारलं नाही.

—

नूर

ताई.

—

कार्यकारण

सिमोन वेल ही फ्रेंच विचारवंत 1943 मध्ये, अवघ्या 34व्या वर्षी गेली. तिने लिहिलंय की शेजाऱ्यावर पूर्ण प्रेम करणं म्हणजे "तुला काय सोसावं लागतंय?" एवढं त्याला विचारता येणं. ती देव मानणारी होती, मी नाही, पण हे मला नेहमी खरं वाटत आलंय. ते विचारायला आधी आपल्यात जागा रिकामी असावी लागते. सांजवेळ, त्या दिवशी तुमच्यात ती कुठून असणार होती?

आणि माझ्या पहिल्या प्रतिसादातलं 'निमित्त' मी मागे घेतो. 'वेळ'सुद्धा. त्यांच्याकडे वेळही नव्हता आणि जागाही नव्हती. मग काय होतं, ते मला सांगता येत नाही.

—

एकांडा

सांजवेळ, तुम्हाला टोचायला विचारलं नव्हतं. मला खरंच वाटलं होतं की त्यांच्यासाठी कुणीतरी आलं असेल आणि तुम्ही ते पाहिलं असेल.

तुम्ही बाकावरून उठला नाहीत ते वाचलं, आणि मला तुमचा राग आला नाही. पायांत त्राण नव्हतं म्हणालात, ते लगेच पटलं. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं आणि मी फक्त लांबून पाहिलं असतं, तर मला काय दिसलं असतं? चार पावलांवर बसलेली, नुसती बघणारी एक बाई. एवढंच.

त्या गाडीतल्या माणसाचा चेहरा मला आजही आठवतो. तो घाबरलेला होता का, रडून आलेला होता का, मागच्या सीटवर कुणी होतं का, हे मी इतक्या वर्षांत कधी आठवून पाहिलं नाही. काच तेवढी आठवायचो. आज पहिल्यांदा डोळे मिटून चेहरा आठवला.

मागे कुणीतरी होतं. आडवं.